बारा आठवड्यांची वही

घर सोडलं त्याच दिवशी मी चुकीच्या बोटीत बसलो.

महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मॅट्रिक होऊन मी मुंबईला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकायला निघालो होतो. मे सरत आला होता आणि पावसाळ्यासाठी बंद होण्याआधीच्या शेवटच्या बोटी चालू होत्या. रत्नागिरीच्या बंदरात त्या सकाळी दोन आगबोटी उभ्या होत्या, एक मुंबईला जाणारी आणि एक गोव्याकडे. धक्क्यावर अप्पा, म्हणजे माझे वडील, छत्री टेकून उभे होते. ते शाळेत मास्तर होते आणि बंदरातसुद्धा हजेरी घेतल्यासारखे उभे राहत. माझी आई मला आठवत नाही. मला वाढवलं ते आत्याने, अप्पांच्या विधवा बहिणीने. निघणाऱ्याच्या समोर आपण येऊ नये, असं ती मानायची. म्हणून ती सुपारीच्या पोत्यांआड उभी होती, आणि मी शेवटी हात हलवला तो दुसऱ्याच एका बाईकडे बघून.

रडू येऊ नये म्हणून मी चेहरा फार करारी केला, धक्क्यावरून आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावांपैकी समोर आला त्यातून बोटीवर चढलो आणि पुस्तक उघडून बसलो. बोट कुठली, हे खलाशाला विचारणं मला कमीपणाचं वाटलं. मुंबईला जाताना किनारा उजव्या हाताला दिसायला हवा. माझ्या डाव्या हाताला तो दोन तास दिसत होता आणि मी गतीचे नियम वाचत होतो. तिकीट तपासणारा आला तेव्हा उलगडा झाला. त्याने मला मुसाकाजीच्या बंदरात उतरवून दिलं.

तिथून जवळच्या नाटे गावचा हसन नाखवा बंदरावर भेटला. पन्नाशीचा, दाढी पिकलेला माणूस. माझी ट्रंक त्याने आपणहून उचलली आणि नाव-गाव विचारून घेतलं.

"मुंबयला चाललास नि दक्षणेची बोट धरलीस? काय शिकनार हायस थय जाऊन?"

मी पदार्थविज्ञान म्हणजे काय ते सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"शिक बाबा. पन सूर्य खयच्या अंगाला हाय तां बगायला पयला शिक."

त्याचं गलबत पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेलं होतं. माणसं मोठ्या कढईत राळ कुटून टाकत होती, ती मासळीच्या तेलात कढवत होती आणि गरम गरम लेप फळ्यांना चोपडत होती. वास असा की मी नाकाला धोतराचा सोगा लावला. "चार म्हयने पाऊस पडां दे," हसन नाखवा म्हणाला, "आतली फळी कोरडी ऱ्हातां." मी ते ऐकलं आणि विसरलो. त्याच्या घरचं जेवण मी सोवळ्याच्या अभिमानाने नाकारलं आणि दोन शहाळी पिऊन रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बोटीत त्याने मला स्वतः बसवलं आणि खलाशाला बजावलं की या पोराला मध्येच उतरू देऊ नकोस. बोट परत रत्नागिरीवरून गेली. मी डेकवर अंग चोरून बसलो होतो. ही गोष्ट मी घरी आजपर्यंत सांगितलेली नाही. आता तुम्हा सगळ्यांना एकदमच कळेल.

तुम्ही म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेली भावंडं, पुतणे, आणि जे अजून गावात आहेत ते सगळे. दर वर्षी तुमची पत्रं येतात, गणपतीला का येत नाहीस म्हणून. गेली तीन वर्षं मी रजा नाही, प्रकृती बरी नाही असलं काहीतरी लिहून पाठवतो. यंदा खरं कारण लिहितो. कारण असं की मी रागावलेलो आहे. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या, चष्मेवाल्या, चाळिशी उलटलेल्या माणसाला राग शोभत नाही हे मला ठाऊक आहे. आरशात बघून रागावायला गेलो तर हसूच येतं. म्हणून मी आरसा टाळून रागावतो.

मुंबईहून मी बंगळूरला आलो, एका प्रयोगशाळेत, सुरुवातीला उपकरणांसाठी काचेच्या नळ्या फुंकायला. तिथे विलायतेचा एक साहेब होता. काम होतं स्फटिकांचं. काही स्फटिक असे असतात की ते दाबले की त्यांच्या अंगावर वीज उमटते, आणि वीज दिली की ते थरथरतात. आवाज म्हणजे तरी थरथरच. तेव्हा एका टोकाच्या खड्यापाशी बोललं तर तारेतून दुसऱ्या टोकाच्या खड्यातून ते ऐकू यावं. बॅटरी नको, चुंबक नको. यासाठी सगळ्यांत गुणी खडा म्हणजे रोशेल सॉल्टचा. तो खाणीत मिळत नाही, घरी वाढवावा लागतो. चिंचेत जी आंबट आम्लं असतात त्यातल्या एकापासून हा क्षार होतो. त्याचा दाट पाक करायचा, दोऱ्याला एक कणी बांधून आत सोडायची, आणि खडीसाखरेसारखा खडा चढेपर्यंत आठवडेच्या आठवडे त्या भांड्याला धक्का लागू द्यायचा नाही. मी हे घरी कळवलं तेव्हा अप्पांचं उत्तर आलं, "चिंचेच्या पाण्यात वीज शोधायची होती, तर झाड आपल्या परड्यात होते."

लग्न झालं, तुमची काकू बंगळूरला आली. आम्ही मल्लेश्वरात दोन खोल्यांत राहू लागलो. घरमालकीण रोज दारातून "ऊटा आयता?" म्हणून विचारायची. जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ, पण रत्नागिरी सोडल्यावर हे मला रोज विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. आमच्या घरात आमटीचं सारू झालं, भाताबरोबर कोकमाऐवजी चिंच आली. काकूने न्हाणीघरात माझ्या खड्यांची भांडी मांडू दिली. पाक कुठे थांबवायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. मी थर्मामीटर धरून उभा असायचो आणि ती चमच्याची तार बघून म्हणायची, "झालं, उतरवा." थर्मामीटर मग तिच्याशी सहमत व्हायचा.

दोन खड्यांचं ते यंत्र बंगळूरच्या कोरड्या हवेत उत्तम चाललं. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा खडा घाम आल्यासारखा ओला होतो आणि शेवटी पाणी होऊन वाहतो. साहेब म्हणाला, जो खडा मुंबई-मद्रासला टिकत नाही तो काय कामाचा? त्याने वर्षभर काचेच्या पेट्या केल्या, मेणाचे थर दिले. काही जमेना. आणि मग मला एके दिवशी, संडासला बसलेलो असताना (थोर शोध झाडाखाली बसून लागतात असं म्हणतात, मला माझ्या लायकीची जागा मिळाली), हसन नाखव्याच्या कढईचा वास आठवला.

राळ, मासळीचं तेल, मंद आच. कॅन्टोन्मेंटमधल्या औषधांच्या दुकानातून तेल आणलं. थंड होत आलेल्या लेपाचे सहा पातळ हात दिले. ओल्या फडक्यात महिनाभर गुंडाळलेला खडा जसाच्या तसा राहिला. साहेबाने तो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "खऱ्या पावसात टिकून दाखवा. सबंध पावसाळा, बारा आठवडे, रोजच्या नोंदी. तसं झालं तर निबंधावर तुमचं नाव पहिलं, माझं दुसरं. नाहीतर हे काम बंद, आणि तुम्ही परत काच फुंकायला."

जगात खरा पाऊस कुठे पडतो हे मला कुणी सांगायला नको होतं. वैशाख सरता सरता काकूला घेऊन मी घरी आलो. एक खडा लाकडी डबीत घालून माजघरात फळीवर ठेवला, दुसरा ओटीवर, मध्ये तार ओढली. रोज सकाळी आत्याने अप्पांचं खिशातलं घड्याळ माजघरातल्या डबीवर ठेवायचं आणि अप्पांनी ओटीवरची डबी कानाला लावून टिकटिक ऐकू येते का ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी अप्पांनी डबी कानाला लावली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या एकाही विद्यार्थ्याच्या निकालाच्या वेळी बघितलं नव्हतं. आतून आत्या ओरडली, "ऐकू येतंय का रे भाऊ? माझा पण आवाज येतो का बघ." तिचा आवाज भिंतीतून येत होता आणि खड्यातूनही.

मी आणि काकू परत बंगळूरला गेलो. दर आठवड्याला अप्पांचं पाकीट यायचं, वहीतल्या पानाच्या नकलेसह. "ऐकू आले. स्वच्छ." "मुसळधार. भिंतींना ओल. तरी ऐकू आले." आठव्या आठवड्यापासून तर नोंदी आणखी सुरेख झाल्या. "कालच्यापेक्षा किंचित मंद, दुपारी पुन्हा पूर्ववत." साहेब खूष झाला. त्याने निबंध लिहायला घेतला, माझं नाव वर, त्याचं खाली, आणि म्हणाला, आता ते खडे घेऊन या, निबंधाबरोबर पाठवायचे आहेत.

भाद्रपदात आम्ही घरी पोहोचलो. ओटीवरची डबी मी उघडली. आत तारेची दोन टोकं नीट वळून ठेवलेली होती. खडा नव्हता. माजघरात गेलो. तिथेही तेच.

आत्या चुलीपाशी होती. मी विचारलं, खडा कुठे आहे. तिने पळीने भाजी ढवळत सांगितलं, "धुतला मी तो. चातुर्मास लागल्यावर."

"धुतला म्हणजे?"

"राख लावून, कढत पाण्यात घालून धुतला. दोन्ही धुतले. मासळीचा वास येत होता त्यांना. देवघराच्या भिंतीला लागून फळी आहे ती, कळतं का तुला? धुताधुता गेले. घाणच होती ती, म्हणून गेली."

"आत्या, विचारायचं तरी मला."

"विचारलं होतं. ठेवलास तेव्हाच विचारलं, कसलं तेल रे हे. तिळाचं म्हणालास. मेल्या, माझ्या नाकाला तीळ आणि मासळी यातला फरक कळत नाही असं वाटलं होय रे तुला? चांगले सात आठवडे मी नाक दाबून त्यावर घड्याळ ठेवलं. चातुर्मासात नाही चालायचं म्हणजे नाही."

मी ओटीवर आलो. अप्पा वही घेऊन बसलेच होते. सातव्या आठवड्यानंतरची पाच पानं त्यांनी घरी बसून, खडा नसताना लिहिली होती. पाऊस खरा, ओल खरी, वार खरे, फक्त ऐकणं खोटं.

"सात आठवडे मी स्वतः ऐकले आहेत," ते म्हणाले. "खडा उत्तम होता. पुढेही ऐकू आलंच असतं. तेवढंच लिहिलं मी."

ज्या माणसाने मला मराठी चौथीत, गणिताचं एक उत्तर शेजाऱ्याच्या पाटीवरून घेतलं म्हणून, सबंध वर्गासमोर उभं करून "हे उत्तर माझे नाही" असं दहा वेळा म्हणायला लावलं होतं, तोच हा माणूस. मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. अप्पांना म्हणालो, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावतो, त्यांच्यासमोर तुम्ही उभे राहा. आत्या बाहेर आली तेव्हा तिला म्हणालो, आज कळलं की तू माझी आई नाहीस. ती आल्या पावली आत गेली. अप्पांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. गणपती बसायला दोन दिवस होते. आम्ही त्याच दिवशी दुपारी निघालो.

बंगळूरला येऊन मी साहेबाला सगळं सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचार प्रवासभर केला. साहेब म्हणाला की ज्याच्या घरी खोट्या नोंदी होतात त्याचं नाव निबंधावर घालणं बरं नाही. मला पटलं. माझ्या जागी अप्पा असते तरी हेच म्हणाले असते, म्हणजे जुने अप्पा.

पुढच्या वर्षी निबंध छापून आला. त्यावर एकच नाव होतं. आणि आत काय होतं? पहिले सात आठवडे. "एका स्थानिक निरीक्षकाच्या विश्वसनीय नोंदी." लेपाबद्दल लिहिलं होतं, "एक देशी रोगण." म्हणजे वही खोटी म्हणून माझं नाव गेलं, आणि त्याच वहीतली सात पानं खरी म्हणून दुसऱ्याच्या नावावर छापली गेली. मी छापील पान घेऊन साहेबाच्या खोलीपर्यंत गेलो. दारावर टकटक केली. आतून "कम इन" आलं. आत जाऊन मी विचारलं, उद्या कोणत्या नळ्या फुंकायच्या आहेत. इतका शूर मी आहे. घरी चुलीपाशी बसलेल्या म्हातारीवर ओरडायला मला आवाज होता, तिथे नव्हता.

आणि लिहितोच आहे तर हेही लिहितो. माझ्या मूळ मसुद्यात, ज्यावर माझं नाव पहिलं होतं, त्यातही हसन नाखव्याचं नाव नव्हतं. मी तिथे "किनाऱ्यावरील रूढ पद्धत" असं लिहिलं होतं.

तेव्हापासून तीन वर्षं मी रत्नागिरीला गेलेलो नाही. प्रयोगशाळेत दिवसभर नळ्या फुंकतो, संध्याकाळी न्हाणीघरात माझे खडे वाढवतो, ते कुणाला दाखवत नाही. पाऊस इथे येतो तोसुद्धा सभ्य माणसासारखा, संध्याकाळी, तासभर. खिडकीत उभं राहून मला त्याचा राग येतो. कुणी विचारतं, गाव कुठलं, तर मी सांगतो रत्नागिरी, आणि सांगताना आवाज आपोआप हेल काढतो, त्याचाही राग येतो. घर म्हणजे काय असं तुम्ही विचाराल तर, परगावी गेलेले लोक जे गोड गोड लिहितात ते मी लिहिणार नाही. आपल्या भल्यासाठी आपलं वाटोळं करण्याचा हक्क ज्यांना आहे अशी माणसं जिथे राहतात ते घर. परक्याने केलं असतं तर मी तीन महिन्यांत विसरलो असतो. तीन वर्षं रागावून राहावं एवढं माझं दुसरं कुणी नाही, हे मला इथे येऊन कळलं, आणि हे कळूनही राग कमी होत नाही.

या वैशाखात अप्पांचं कार्ड आलं. तीन वर्षांतलं पहिलं. अक्षर हललेलं आहे.

"चि. बाळ यास आशीर्वाद. पाऊस तोंडावर आला आहे. नवे खडे झाले असल्यास दोन पाठवणे. वही नवी आणली आहे. आत्या म्हणते, तेल कसले का असेना, दोन्ही ओटीवर राहतील, घड्याळ ठेवायला ती बाहेर येईल. कळावे."

मी ते कार्ड वाचलं आणि पुन्हा रागावलो. एक शब्द झाल्या प्रकाराबद्दल नाही. चुकलं नाही, क्षमा नाही. नवी वही आणली म्हणजे झालं? कार्ड मी लॉगॅरिथमच्या पुस्तकात ठेवून दिलं आणि उत्तर पाठवलं नाही. त्याऐवजी हे लिहायला बसलो, म्हणजे कुणाचं काय चुकलं ते निदान तुमच्यासमोर तरी नीट मांडलेलं असावं.

काल हे सगळं काकूला वाचून दाखवलं. ती डाळ निवडत ऐकत होती. माझं वाचून झालं तरी तिचं निवडणं चालूच होतं. मी विचारलं, कसं झालंय?

"बरं झालंय. फार लांब झालंय. कार्डाचं उत्तर मात्र पाठवून झालं."

"कुणी पाठवलं?"

"मी. परवा पोस्टात जाऊन दोन खडे पार्सल केले, कापसात गुंडाळून. लेप राळेचाच आहे, पण तेल जवसाचं घातलंय, आणि तसं डबीवर लिहिलंय."

ती सूप झटकत म्हणाली, "सोबत मामंजींना दोन ओळी लिहिल्या. म्हटलं, या वेळी काही ऐकू आलं नाही, तर आलं नाही असंच लिहून कळवा. इकडे कुणी रागावणार नाही."

"कुणी रागावणार नाही, हे तू कुणाला विचारून लिहिलंस?"

"हो ना," ती म्हणाली, "तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं."